शंकेला उत्तर मिळाल्यानंतर

१९३८ च्या फेब्रुवारीत लंडनच्या रॉयल मीटिऑरॉलॉजिकल सोसायटीपुढे गाय स्टुअर्ट कॅलेंडर नावाच्या गृहस्थांनी एक निबंध वाचला. कॅलेंडर हवामानतज्ज्ञ नव्हते. वाफेच्या यंत्रांवर काम करणारे ते अभियंते. जगभरच्या हवामान केंद्रांच्या जुन्या नोंदी त्यांनी हौसेने गोळा केल्या, हाताने आकडेमोड केली आणि दोन गोष्टी मांडल्या. गेल्या पन्नासेक वर्षांत पृथ्वीचे तापमान थोडेसे वाढले आहे, ही पहिली. या वाढीचा बराच भाग माणसाने कोळसा जाळून हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे आहे, ही दुसरी.

समोरच्या तज्ज्ञांना ते पटले नाही. ब्रिटिश हवामान खात्याचे प्रमुख सर जॉर्ज सिम्प्सन यांनी उमेदीची बरीच वर्षे भारताच्या हवामान खात्यात काढली होती. आपल्या मोसमी पावसाची त्यांना चांगली ओळख होती. वायू आणि तापमान बरोबरीने वाढलेले दिसतात हा योगायोग मानावा, असे त्यांचे मत पडले. हवा सतत वरखाली फिरते, तिच्याबरोबर उष्णताही फिरते, मग नुसत्या प्रारणाचा हिशेब मांडून तापमान कसे काढणार, असाही त्यांचा आक्षेप होता. जुन्या काळची वायूची मोजमापे आणि जुने तापमापक यांवर कितपत भरवसा ठेवावा, असेही त्या सभेत विचारले गेले.

हे सगळे प्रश्न रास्त होते. तापमानवाढीला माणूस कारणीभूत आहे की नाही या वादाचा इतिहास सांगताना शंका घेणाऱ्या प्रत्येकाला एकाच पंक्तीत बसवण्याची चूक वारंवार होते. खरे पाहता सिम्प्सन यांच्यासारख्यांच्या शंकांनीच हे शास्त्र पक्के केले. पुढे जी शंका आली ती वेगळ्या कुळातली होती. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून लोकांचा गोंधळ होतो. शंकेला उत्तर मिळाले की शंका घेणारा काय करतो, हे पाहिले म्हणजे त्यांतला फरक कळतो. आजच्या व्याख्यानाचा सारा भर त्या एका कसोटीवर आहे.

कॅलेंडरच्या आधीच या कल्पनेवर एक मोठा घाव बसला होता. स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनिअस यांनी १८९६ मध्ये गणित मांडले होते की हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी तापेल. चारच वर्षांनी त्यांचेच देशबांधव क्नुट ऑंगस्ट्रॉम यांनी नळीत वायू भरून त्यातून अवरक्त किरण सोडण्याचा प्रयोग केला. वायूचे प्रमाण बदलले तरी शोषण फारसे बदलत नाही, असे त्यांना दिसले. याचा अर्थ असा लावला गेला की हवेत आहे तेवढाच वायू शोषायचे ते सारे शोषून बसला आहे, आणखी भर पडून काही फरक होणार नाही. पुढची चाळीस-पन्नास वर्षे बहुतेक तज्ज्ञ याच समजुतीत राहिले.

उत्तर मिळाले ते १९५० च्या दशकात. अमेरिकेच्या संरक्षण विभागाला अवरक्त किरणांत रस होता, त्यामुळे त्या किरणांची बारीक मोजमापे झाली होती. नवे संगणकही हाताशी होते. गिल्बर्ट प्लास यांनी वातावरणाचे थर करून थरागणिक हिशेब मांडला. ऑंगस्ट्रॉम यांची नळी जमिनीलगतच्या दाट हवेविषयी सांगत होती. उष्णता अवकाशात निसटते ती मात्र वरच्या विरळ, थंड थरांतून, आणि तिथे वायू वाढला की निसटण्याची जागा आणखी उंच, आणखी थंड थरात सरकते. थंड थर कमी उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे खालची हवा पूर्ण शोषून बसली असली तरी पृथ्वी तापतच राहते.

समुद्राचा प्रश्नही असाच सुटला. माणसाने सोडलेला सगळा वायू समुद्र गिळून टाकेल, अशी बहुतेकांची समजूत होती. १९५७ मध्ये रॉजर रेव्हेल आणि हान्स झ्यूस यांनी समुद्राच्या पाण्याचे रसायन तपासून दाखवले की समुद्र तितक्या चटकन तो वायू सामावून घेऊ शकत नाही. पुढच्याच वर्षी चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी हवाईच्या मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू केली. दशलक्ष भाग हवेत तेव्हा या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. आज तो आकडा ४२० च्या पुढे गेला आहे.

पण वाढलेला वायू माणसाचाच कशावरून? ज्वालामुखींचा कशावरून नसेल? हा प्रश्न आजही कोणत्याही सभेत कोणी ना कोणी विचारतोच, आणि त्याचे उत्तर फार देखणे आहे. जिवंत वनस्पतींच्या कार्बनमध्ये किरणोत्सारी कार्बन-१४ चा अंश असतो. कोट्यवधी वर्षे जमिनीखाली दबलेल्या कोळशात आणि तेलात तो केव्हाच संपलेला असतो. झ्यूस यांनी झाडांच्या खोडातली वर्तुळे तपासली, तेव्हा औद्योगिक काळातल्या वर्तुळांत कार्बन-१४ पातळ होत गेलेला आढळला. हवेत जुना, मेलेला कार्बन मिसळत होता. कार्बन-१३ चे प्रमाणही त्याच दिशेने घसरत आहे, कारण वनस्पतींपासून झालेल्या इंधनात ते मुळातच कमी असते. शिवाय कीलिंग यांचे पुत्र राल्फ हवेतल्या ऑक्सिजनची नोंद ठेवत आले आहेत. तोही किंचित पण सतत घटतो आहे. काहीतरी जळत असल्याची ती खूण. ज्वालामुखी वायू ओकतो, पण त्यासाठी हवेतला ऑक्सिजन खात नाही. आणि जगातले सारे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो माणसाच्या वाट्याच्या एक टक्क्याहूनही कमी भरतो.

दुसरा नेहमीचा आक्षेप सूर्याचा. सूर्यच तापत असेल तर बिचाऱ्या माणसाचा दोष काय? १९६७ मध्ये स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदरल्ड यांनी वातावरणाच्या गणिती प्रारूपातून एक भाकीत केले. कार्बन डायऑक्साइड वाढला तर खालचे तपांबर तापेल, पण वरचे स्थितांबर थंड होईल. सूर्य तापला असता तर दोन्ही थर तापायला हवे होते. थंडीत अंगावर आणखी एक गोधडी घेतली की आत ऊब वाढते आणि गोधडीची बाहेरची बाजू गार राहते, तसे हे आहे. पुढे फुगे आणि उपग्रह यांनी मोजणी केली तेव्हा स्थितांबर थंड होतानाच आढळले. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून सूर्याची प्रखरता उपग्रहांवरून थेट मोजली जाते, आणि तापमान चढत असताना तीत वाढीचा कल दिसत नाही. मानाबे यांना या कामाबद्दल २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. भाकीत आणि पारितोषिक यांत अर्ध्या शतकाहून अधिक काळ गेला, आणि तेवढा सगळा काळ निसर्ग ते भाकीत तपासून पाहत होता.

अशी आणखी भाकिते झाली. १९९१ च्या जूनमध्ये फिलिपिन्सचा पिनातुबो फुटला, तेव्हा जेम्स हॅन्सन यांच्या गटाने आपल्या प्रारूपातून आधीच सांगितले की ज्वालामुखीने वर उधळलेल्या गंधकयुक्त सूक्ष्मकणांमुळे जग सुमारे अर्धा अंश थंड होईल आणि काही वर्षांत पूर्ववत येईल. तसेच झाले. रोलंड मॅडन आणि भारतीय शास्त्रज्ञ वीरभद्रन रामनाथन यांनी १९८० मध्ये लिहिले होते की माणसाने घडवलेली तापमानवाढ नैसर्गिक चढउतारांतून २००० सालापर्यंत वेगळी ओळखू येईल. २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसी या हवामानबदल समितीने तिसरा अहवाल काढला, त्यात गेल्या पन्नास वर्षांतली बहुतेक वाढ हरितगृह वायूंमुळे झाली असण्याची शक्यता मोठी असल्याचे नमूद झाले.

याच काळात एक सच्चा, चिवट विरोध उभा होता. अलाबामातल्या जॉन क्रिस्टी आणि रॉय स्पेन्सर यांनी उपग्रहांच्या नोंदींवरून १९९० च्या सुमारास दाखवले की जमिनीवरचे तापमापक जितकी वाढ सांगतात तितकी वर हवेत दिसत नाही. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नव्हता. आठ वर्षांनी फ्रँक वेंट्झ आणि मथायस शाबेल यांना त्यातली मेख सापडली. उपग्रह कालांतराने हळूहळू खाली घसरत होते आणि त्यामुळे खोटी थंडी नोंदली जात होती. २००५ मध्ये आणखी एक चूक निघाली; उपग्रहाच्या दिवसातल्या फेरीची वेळ सरकते, तिची दुरुस्ती करताना गणितातले चिन्ह उलटे पडले होते. क्रिस्टी आणि स्पेन्सर यांनी ती चूक मान्य करून आकडे सुधारले. पुढच्या धोरणांबद्दल त्यांची मते इतरांशी जुळली नाहीत, पण त्यांच्या आजच्या नोंदीतही वाढ दिसते. बर्कलेचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्यूलर यांची कथाही याच जातीची. जुन्या तापमान नोंदींवर त्यांचा विश्वास नव्हता. सगळा विदा नव्याने तपासायला त्यांनी गट उभा केला, त्याला चार्ल्स कोक यांच्या प्रतिष्ठानाचीही देणगी होती, आणि कोक हे तेल-व्यवसायातले नाव. २०१२ मध्ये म्यूलर यांनी जाहीर लिहिले की वाढ खरी आहे आणि तिचे कारण जवळजवळ पूर्णपणे माणूस आहे. देणगी कोणाची होती याने उत्तर बदलले नाही. म्यूलर यांचा मान ठेवावा तेवढा थोडाच.

आता दुसऱ्या कुळाकडे वळावे लागते.

१९६९ मध्ये ब्राउन अँड विल्यमसन या सिगारेट कंपनीत एक टिपण लिहिले गेले. शंका हाच आपला माल आहे, असा त्याचा आशय होता. तंबाखूने कर्करोग होतो हे खोटे ठरवण्याची गरज नव्हती; अजून नक्की झालेले नाही, एवढेच लोकांना वाटत राहिले तरी धंदा चालू राहणार होता. नेओमी ओरेस्कस आणि एरिक कॉनवे या इतिहासकारांनी २०१० च्या पुस्तकात दाखवले की हीच रीत, आणि काही ठिकाणी तीच माणसे, पुढे तापमानवाढीच्या वादात उतरली.

एक्सॉन या तेल कंपनीत जेम्स ब्लॅक या शास्त्रज्ञाने १९७७ मध्ये वरिष्ठांपुढे उभे राहून सांगितले होते की जगाच्या हवामानावर माणसाचा परिणाम होत असेल तर त्याचा सर्वांत संभाव्य मार्ग म्हणजे इंधन जाळून सोडलेला कार्बन डायऑक्साइड. कंपनीने आपल्या एका तेलवाहू जहाजावर हा वायू मोजण्याची यंत्रे बसवली, स्वतःची प्रारूपे केली. २०२३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने ती जुनी भाकिते प्रत्यक्ष तापमानाशी ताडून पाहिली, तेव्हा बहुतेक बरोबर निघाली. बाहेर मात्र हीच कंपनी कित्येक वर्षे शास्त्राच्या अनिश्चिततेवर बोट ठेवत राहिली. लपवाछपवीचा आरोप कंपनीने नाकारला आहे. कागद मात्र आता सर्वांना वाचता येतात.

तेल, कोळसा, मोटार या उद्योगांनी १९८९ मध्ये ‘ग्लोबल क्लायमेट कोअलिशन’ स्थापन केले. १९९५ मध्ये त्यांच्याच तज्ज्ञांनी सभासदांसाठी टिपण तयार केले. हरितगृह परिणामाचा शास्त्रीय पाया नाकारता येणार नाही, आणि विरोधकांचे पर्यायी सिद्धांत पटण्यासारखे नाहीत, असे त्या मसुद्यात होते. विरोधकांच्या सिद्धांतांची उलटतपासणी करणारा भाग बाहेर जाण्यापूर्वी गाळला गेला. हे सगळे उजेडात आले २००९ मध्ये. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या गटाने १९९८ मध्ये केलेल्या योजनेत यशाची व्याख्याच अशी होती की सामान्य नागरिकाला आणि पत्रकारांना हवामानशास्त्रातली अनिश्चितता पटावी. कसोटी लावून पाहावी. इथे शंकेला उत्तर मिळालेले होते, ते घरातच पोहोचले होते, आणि तरीही शंका विकली गेली. याला मतभेद म्हणणे म्हणजे कॅलेंडर आणि सिम्प्सन या दोघांचाही अपमान आहे.

त्याची किंमत माणसांनी मोजली. १९९५ च्या नोव्हेंबरात माद्रिदच्या बैठकीत आयपीसीने प्रथमच म्हटले की हवामानावर माणसाचा प्रभाव ओळखू येतो आहे. अहवालातल्या त्या प्रकरणाचे प्रमुख लेखक बेन सँटर हे तेव्हा चाळिशीतले शास्त्रज्ञ. पुढच्या जूनमध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये फ्रेडरिक साइट्झ यांनी आरोप केला की अहवालात फेरफार करून शास्त्रीय तपासणीची प्रक्रियाच भ्रष्ट केली गेली. साइट्झ हे घनपदार्थांच्या भौतिकीतले नामांकित संशोधक, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे माजी अध्यक्ष. पुढे ते आर. जे. रेनल्ड्स या तंबाखू कंपनीच्या संशोधन अनुदानांचे सल्लागार झाले होते. हवामानशास्त्र त्यांचा विषय नव्हता. आक्षेपांना उत्तरे देत अहवाल सुधारणे हा आयपीसीच्या ठरलेल्या रीतीचाच भाग होता, हे सँटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पत्र लिहून स्पष्ट केले. पण आरोप पहिल्या दिवशी जितका लांब गेला तितके उत्तर कधीच गेले नाही.

वृत्तपत्रांनीही नकळत हातभार लावला. दोन्ही बाजू मांडणे हा पत्रकाराचा धर्म, पण मॅक्सवेल आणि जुल्स बॉयकॉफ यांनी १९८८ ते २००२ मधली अमेरिकेची चार नामांकित दैनिके तपासली, तेव्हा निम्म्याहून अधिक बातम्यांत माणसाचा वाटा आणि निसर्गाचा वाटा यांना सारखेच वजन दिलेले सापडले. प्रयोगशाळेत मिटत आलेला वाद वाचकाला मात्र अजून बरोबरीत सुटलेला वाटत होता.

तरीही सगळा दोष पैशाचा आणि प्रचाराचा, असे म्हणून सुटता येत नाही. हा वाद जन्मतःच उजव्या-डाव्यांचा नव्हता. १९८८ मध्ये धोक्याची सूचना देणाऱ्यांत मार्गारेट थॅचर होत्या, ज्या स्वतः रसायनशास्त्र शिकलेल्या, आणि त्याच वर्षी निवडणूक लढवणाऱ्या थोरल्या बुश यांनीही कृतीचे आश्वासन दिले होते. पुढच्या दोन दशकांत अमेरिकेत हा प्रश्न पक्षाची ओळख बनला. साउथ कॅरोलायनाचे रिपब्लिकन खासदार बॉब इंग्लिस हे सर्व बाबतींत सनातनी मताचे. संसदीय समितीबरोबर अंटार्क्टिकाला जाऊन बर्फातले पुरावे पाहिल्यावर त्यांनी माणसाचा वाटा मान्य केला. २०१० मध्ये स्वतःच्याच पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत त्यांचा दारुण पराभव झाला. त्याला इतरही कारणे होती, पण हे मोठे होते. डॅन कहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये सुमारे दीड हजार अमेरिकनांचा अभ्यास छापला. विज्ञान अधिक कळणाऱ्या माणसांत मतांची दरी बुजण्याऐवजी रुंदावलेली त्यांना आढळली. हुशार माणूस आपल्या गोटाच्या बाजूने अधिक हुशारीने बोलतो. आपल्या गोटातून हद्दपार होण्याची भीती ज्याला वाटते, त्याच्यापुढे आलेख ठेवून भागत नाही, आणि हे कबूल केल्याशिवाय कोणाचेही मन वळवता येणार नाही.

भारतात या वादाचे एक प्रकरण २००९ मध्ये घडले आणि ते आपल्याला शोभादायक नाही. आयपीसीच्या २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील, असे विधान शिरले होते. भूशास्त्रज्ञ व्ही. के. रैना यांनी भारत सरकारसाठी केलेल्या टिपणात त्या मताला विरोध केला. तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ते प्रसिद्ध केले. आयपीसीचे तेव्हाचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याची जादूटोण्याशी तुलना केली. २०१० च्या जानेवारीत आयपीसीला आपले विधान चुकल्याचे मान्य करावे लागले. २०३५ च्या मुद्द्यावर रैना बरोबर होते. हिमनद्यांच्या माघारीचा संबंध तापमानवाढीशी जोडणे घाईचे ठरेल, हे त्यांचे दुसरे मत मात्र पुढच्या मोजमापांपुढे टिकले नाही. दोन्ही मतांना पुराव्याने उत्तर द्यायला हवे होते. हेटाळणीने झाले एवढेच की त्या एका चुकीच्या आधारे साऱ्या शास्त्रावर अविश्वास दाखवणाऱ्यांना जगभर आयते हत्यार मिळाले.

एरवी आपल्याकडे ‘माणूस कारणीभूत आहे का’ यावर फारशी भांडणे होत नाहीत. भांडण आहे ते कोणता माणूस, यावर. अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच विचारले होते की भाताच्या खाचरातला मिथेन आणि श्रीमंत देशांतल्या मोटारींचा धूर एकाच तराजूत कसा तोलायचा. इंधनातून आजवर साचलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी अमेरिकेचा वाटा सुमारे पाव आहे, भारताचा चार टक्क्यांहून कमी. हा प्रश्न न्यायाचा आहे आणि तो जोरात विचारलाच पाहिजे.

पण महाराष्ट्रात आता उलट्या बाजूची एक सोय रूढ होत आहे, आणि ती चिंतेची आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तीर्ण प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. त्याच संस्थेच्या पुढाकाराने २०२० मध्ये झालेल्या राष्ट्रीय अहवालात देशाचे सरासरी तापमान १९०१ पासून सुमारे ०.७ अंशाने वाढल्याचे आणि १९५१ पासून मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटल्याचे म्हटले आहे; या घटीमागे धूर-धुळीच्या कणांचा, म्हणजे पुन्हा माणसाचाच, हात असल्याचे त्यात सांगितले आहे. हे शास्त्र घरचे आहे, मेहनतीचे आहे. त्याचा आधार घेऊन प्रत्येक पुराचे खापर ‘हवामानबदल’ या एका शब्दावर फोडणे मात्र त्याच शास्त्राचा गैरवापर ठरतो.

२६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला त्याच्या दशांशही झाला नाही. माधवराव चितळे यांच्या समितीने या पुराची तपासणी केली, तेव्हा मिठी नदीवरची अतिक्रमणे, तिच्या पात्रातले अडथळे आणि अपुरी गटारे हे सगळे कागदावर आले. ब्रिटिशकालीन गटारे ओहोटीच्या वेळी तासाला २५ मिलिमीटर पाणी वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेली होती. ही क्षमता ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याची ‘ब्रिमस्टोवॅड’ योजना १९९३ मध्येच सुचवली गेली होती, आणि बारा वर्षांनी पूर आला तेव्हा ती बरीचशी कागदावरच होती. अरबी समुद्र किती तापला, याचे उत्तर पुण्यात मिळते. पात्र कोणी बुजवले, याचे उत्तर मुंबई महापालिकेच्या आणि राज्य सरकारच्या दप्तरात आहे. पुरानंतर पालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. आता कोणत्या वॉर्डात, कोणत्या तासाला किती पडला हे सांगता येते. त्या नोंदी समोर ठेवून ५० चा जुना आकडा पुढच्या तीस वर्षांना पुरेल का, आणि पुरणार नसेल तर खर्च कोणी करायचा, यावर मुंबईकरांनी आपल्या नगरसेवकाशी आणि आयुक्तांशी कडाडून वाद घालावा.